शेतातून गॅसची पाइपलाइन गेली: नोटिशीपासून सातबाऱ्यावरील नोंदीपर्यंत

आमच्या शेतातून नैसर्गिक वायूची पाइपलाइन जाणार असल्याची नोटीस 2022 च्या फेब्रुवारीत आली आणि तिच्यासंबंधीचे आमच्या बाजूचे शेवटचे कागद 2024 च्या सुरुवातीला हातात पडले. या काळात गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा कायदा होता. कोणी म्हणे जमीन सरकारजमा होणार, कोणी म्हणे बाजारभावाच्या चौपट पैसे मिळणार, आणि यांतले काहीच खरे नव्हते. ज्यांच्या बांधावर आज अशा खुंट्या दिसू लागल्या आहेत त्यांना हा क्रम आधी कळावा, म्हणून तो जसा घडला तसा लिहीत आहे. कंपनी, कंत्राटदार आणि गाव यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

आमचे रान पंचगंगेच्या खोऱ्यात आहे. काळी जमीन, बारमाही ऊस आणि आजोबांच्या नावापासून चालत आलेले सामाईक खाते, असा सगळा कारभार. मी नोकरीनिमित्त कोल्हापूर शहरात राहतो. शेती माझे थोरले चुलतभाऊ तात्या पाहतात आणि त्यांचे राहते घरही त्याच गटात, विहिरीपासून थोड्या अंतरावर आहे. 2021 च्या दिवाळीनंतर काही मुले जीपीएसची काठी घेऊन बांधावरून फिरत होती आणि त्यांनी आमच्या हद्दीजवळ लाल रंगाच्या खुंट्या मारल्या. विचारल्यावर ‘सर्वे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्या वेळी रत्नागिरी–नागपूर महामार्गासाठी झालेल्या भूसंपादनाच्या गोष्टी सगळीकडे चालू होत्या, त्यामुळे गावाने आपल्या मनाने तोच हिशोब इथेही लावून टाकला.

फेब्रुवारीत तलाठी कार्यालयातून आलेल्या कागदाने तो हिशोब मोडला. तो कागद पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन (जमिनीतील वापराच्या हक्काचे संपादन) अधिनियम, 1962 च्या कलम 3, पोटकलम 1 खालील अधिसूचनेचा होता. त्यात गावाचे नाव, गट क्रमांक आणि प्रत्येक गटातून जाणाऱ्या पट्टीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये दिलेले होते. आमच्या गटापुढे 18 आर लिहिले होते, म्हणजे 20 मीटर रुंदीची आणि सुमारे 90 मीटर लांबीची पट्टी. या कायद्याने सरकार जमीन घेत नाही, तिच्या पोटातून वाहिनी टाकण्याचा आणि पुढे तिची देखभाल करण्याचा हक्क घेते. मालकी आपलीच राहते, पीकही आपणच घेतो. मात्र त्या पट्टीत इमारत किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही, विहीर, तळे, जलाशय वा बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. ही बंदी कायमची असते. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत जे जुने कायदे वेगळे ठेवले आहेत त्यांत हा 1962 चा कायदाही आहे आणि त्यात जमीन घेतलीच जात नाही, त्यामुळे महामार्गाचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

या प्रक्रियेत जमीनमालकाची संमती आवश्यक नसते, हे सगळ्यांत आधी पचवावे लागते. तात्यांना ते फार लागले. ‘रान आमचं आणि आम्हालाच कोणी विचारत नाही?’ हा त्यांचा प्रश्न योग्यच होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर आजही माझ्याकडे नाही. कायदा फक्त हरकत घेण्याची संधी देतो. अधिसूचनेच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची आणि तीत हरकतीची कारणे लिहायची. सक्षम प्राधिकारी म्हणजे केंद्र सरकारने या कामासाठी नेमलेला अधिकारी. आमच्या प्रकरणात ते महसूल खात्यातील अधिकारी होते. म्हणून नोटीस हातात पडताच चावडीत ती कधी लावली गेली ती तारीख पाहावी आणि आपल्या प्रतीवर पोच तारीख घालून घ्यावी. पुढे मुदतीवरून वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

मार्चच्या सुरुवातीला गावच्या देवळात बैठक झाली. तिथे भीतीचा विषय निघणे साहजिक होते. आंध्र प्रदेशातील नगरम गावात 27 जून 2014 रोजी पाइपलाइनमधून गळालेल्या वायूने पेट घेतला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हे एका तरुणाने मोबाइलवर दाखवले. दुसऱ्याने तमिळनाडूचे उदाहरण दिले. तिथल्या राज्य सरकारने 2013 साली शेतातून जाणारी वाहिनी महामार्गाच्या कडेने न्यावी अशी भूमिका घेतली होती. पण 2016 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. ज्या विरोधामागे एक अख्खे राज्य सरकार होते तोही टिकला नसेल, तर ‘पाइपलाइन नकोच’ एवढ्या एका वाक्याच्या हरकतीने काय साधणार, असे मला वाटले आणि मी ते बैठकीत बोलून दाखवले. काहींना ते आवडले नाही. त्यांनी सामुदायिक निवेदन दिले. आम्ही मात्र आमच्या गटापुरती स्वतंत्र, मुद्देसूद हरकत लिहायचे ठरवले. शहरातील एका वकिलांनी मसुदा तपासून देण्याचे 2 हजार रुपये घेतले आणि ते पैसे सार्थकी लागले.

आमच्या हरकतीत तीन मुद्दे होते. पहिला तात्यांच्या घराचा. अधिसूचनेतील पट्टी घराच्या मागच्या अंगणावरून जात होती आणि कायद्याचे कलम 7 असे सांगते की अधिसूचनेच्या लगेच आधी राहण्यासाठी वापरात असलेल्या, पक्के बांधकाम असलेल्या किंवा राहत्या घराला लागून असलेल्या जागेखालून वाहिनी टाकता येत नाही. शिवाय ती जमिनीच्या पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही नको. दुसरा मुद्दा पाणीपुरवठा संस्थेच्या उपसा सिंचनाच्या पाइपचा, जो नदीवरून येऊन आमच्या गटातून पुढच्या पाच-सहा शेतकऱ्यांकडे जातो. तिसरा मुद्दा नव्या विहिरीचा. जुन्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पुरत नाही म्हणून आम्ही त्याच पट्टीच्या जागी दुसरी विहीर काढणार होतो.

सुनावणी मेमध्ये कोल्हापुरात झाली. अधिकारी शांतपणे ऐकणारे होते आणि त्यांना भाषणापेक्षा कागद हवे होते. घराची नोंद सातबाऱ्यावर नव्हती. शेतातल्या घरांची ती बहुधा नसतेच. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि वीजबिले दिली. घर अधिसूचनेच्या तारखेपूर्वीचे आहे हे त्यांवरून सिद्ध झाले. सिंचनाच्या पाइपसाठी संस्थेचे पत्र आणि तिचा नकाशा जोडला होता. नव्या विहिरीसाठी मात्र आमच्याकडे इच्छेखेरीज काही नव्हते आणि कायद्याला जमिनीवर आज जे उभे आहे तेच दिसते, उद्या करायचे ठरवलेले दिसत नाही. जूनमध्ये लेखी निर्णय आला. घराचा मुद्दा मान्य झाला होता आणि वाहिनीला तिथे बाक देऊन पट्टी बांधाकडे सरकवली जाणार होती. सिंचनाचा पाइप कंपनीने स्वखर्चाने संरक्षित करावा, असे नोंदले होते. विहिरीची हरकत फेटाळली होती. पट्टी सरकल्यामुळे बदललेल्या क्षेत्राचे कागद नव्याने निघाले आणि त्यात पावसाळा गेला. क्षेत्र योगायोगाने 18 आरच राहिले.

वाट पाहण्याच्या त्या काळात ही लाइन मुळात कशासाठी आहे हे मी वाचून काढले. देशातील पहिली मोठी वाहिनी म्हणजे हाजिरा–विजयपूर–जगदीशपूर. त्या कामासाठी 1984 साली गेल या सरकारी गॅस कंपनीची स्थापना झाली. आपल्याकडे समुद्रमार्गे येणारा द्रवरूप वायू दाभोळला उतरतो, तिथे त्याचा पुन्हा वायू होतो आणि 2013 साली सुरू झालेल्या दाभोळ–बंगळूर वाहिनीने तो सह्याद्री चढून आपल्या जिल्ह्यातून कर्नाटकात जातो. 2018 साली कोल्हापूर जिल्ह्याला शहरी गॅस वितरणाची मंजुरी मिळाली. देशाच्या ऊर्जावापरातील नैसर्गिक वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून 2030 पर्यंत 15 टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी मंजूर झालेल्या वाहिन्यांची एकूण लांबी 33 हजार किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातले आमचे 90 मीटर. हे वाचून मोबदला वाढत नाही; पण तात्यांशी बोलताना मला त्याचा उपयोग झाला, कारण कंपनीचा माणूस ‘देशाचं काम आहे’ एवढेच म्हणत असे आणि तेवढ्यावर तात्यांचे समाधान होत नव्हते.

कलम 6 खालील घोषणा नोव्हेंबरात झाली. पहिल्या अधिसूचनेपासून एक वर्षाच्या आत ही घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्द होते, म्हणून या टप्प्यावर कार्यालयाचीच घाई जाणवते. घोषणा झाली की वापराचा हक्क कायद्याने गेला, असे समजावे. त्यानंतर जे काही मिळवायचे ते पंचनाम्यात मिळवायचे.

आमचा पंचनामा 2023 च्या जानेवारीत झाला आणि या सबंध प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दिवस मी त्यालाच म्हणेन. कंपनीचा प्रतिनिधी, तलाठी, पंच आणि आम्ही असे सगळे पट्टीतून चालत गेलो. आमची आडसाली लागण (पावसाळ्यात लावून साधारण दीड वर्षाने तोडायचा ऊस) तेव्हा सहा महिन्यांची होती; तोडून कारखान्याला घालता येईल असा तो ऊस नव्हता. सुरुवातीला नोंद फक्त ‘ऊस, 18 आर’ अशी लिहिली गेली. तात्यांनी आग्रह धरला की लागणीचा महिना, जात, ठिबकच्या नळ्या, बांधावरची तीन नारळाची झाडे आणि एक आंबा, प्रत्येकाचे वय आणि घेर, बांधाची दगडी पिचिंग, हे सगळे वेगवेगळे लिहावे. थोडी कुरकुर झाली, पण लिहिले गेले. सही करण्यापूर्वी मोकळ्या ओळींवर रेघ मारून घ्यावी, प्रत जागेवरच मागावी आणि प्रत मिळत नसेल तर निदान मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा. पट्टीचेही फोटो तारखेसह काढून ठेवावेत.

मोबदल्याचे दोन भाग असतात. एक, वापराच्या हक्काबद्दल, पहिल्या अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या 10 टक्के. दुसरा, पीक, झाडे आणि इतर नुकसानीबद्दल. हेक्टरी 50 लाख रुपये भाव धरला तर 18 आरची किंमत 9 लाख होते आणि त्याचे 10 टक्के म्हणजे 90 हजार. उसाचे म्हणाल तर आडसालीचा उतारा हेक्टरी 120 टन धरून त्या पट्टीतला ऊस साधारण साडेएकवीस टन भरतो आणि 2022-23 च्या हंगामातील क्विंटलला 305 रुपये या एफआरपीने (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराने) त्याचे सुमारे 66 हजार होतात. कायमच्या बंधनाची किंमत आणि एका पिकाची किंमत यांत एवढेच अंतर आहे, हे आकडे कागदावर मांडल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. माझ्या मते या कायद्यातली खरी उणीव हीच आहे. विहिरीच्या जागेचे मोल त्या 10 टक्क्यांत कुठेच बसत नाही. पिकाच्या उताऱ्यासाठी गेल्या तीन हंगामांच्या कारखान्याच्या वजनपावत्या आणि ऊसबिले द्यावीत. त्या दिल्या नाहीत तर तालुक्याची सरासरी लावली जाते. खोडव्याच्या (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) नुकसानीची मागणीही आम्ही लेखी केली होती. ती अंशतः मान्य झाली.

पैसे मिळायला वेळ लागला तो आमच्या सामाईक खात्यामुळे. सातबाऱ्यावर एका चुलत्यांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतरही तसेच होते आणि दोन आत्यांची नावे वारस म्हणून लागलेली होती. आधी वारस नोंद, मग आत्यांचे संमतिपत्र, मग 100 रुपयांच्या मुद्रांकावर सर्वांचे हमीपत्र, असे करावे लागले. धाकट्या आत्या इचलकरंजीला असतात. त्यांना मी घरी जाऊन कागद वाचून दाखवले, कारण ‘सही कर’ एवढ्यावर कोणाकडून सही घेणे मला बरे वाटेना. शिवाय सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सेवा संस्थेचा पीककर्जाचा बोजा होता, त्यामुळे संस्थेचा दाखलाही लागला. सातबारा, 8अ, फेरफार, आधार, पॅन, पासबुक आणि रद्द केलेला धनादेश यांचे चार-पाच संच आधीच करून ठेवले तर बरे पडते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो आणि तो सगळीकडे चालतो. पिकाचे पैसे मार्चअखेर आणि हक्काचे पैसे मेमध्ये खात्यावर जमा झाले. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो; त्यामुळे पैसे स्वीकारताना ‘हरकत राखून’ असे लिहावे, हा वकिलांचा सल्ला आम्ही पाळला.

प्रत्यक्ष काम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाले. ऊस काढून पट्टी सपाट केली गेली. वरची काळी माती एका बाजूला आणि खालची मुरुमाड माती दुसऱ्या बाजूला ठेवावी, असे करारात होते आणि तात्या त्यासाठी रोज बांधावर उभे राहत. मग साधारण 12 मीटर लांबीचे, प्लॅस्टिकसारखे आवरण असलेले पोलादी नळ आले. ते पट्टीत एकापुढे एक मांडून वेल्डिंग झाले आणि जोडांची क्ष-किरण तपासणी रात्री, आसपास कोणाला फिरकू न देता झाली. जोडांवर आवरण चढवून, कुठे बारीकसे छिद्र राहिले आहे का हे विजेच्या ठिणगीने तपासून मगच नळ चरात सोडले गेले. सोबत संदेशवहनाची केबलही गेली. एप्रिलच्या सुरुवातीलाही आमच्या शेतातला चर उघडाच होता. सिंचनाच्या पाइपला ठरल्याप्रमाणे बाहेरून मोठ्या नळाचे संरक्षण मिळाले; पण त्या चार-पाच दिवसांत पाणी बंद राहिल्याने पुढच्या शेतकऱ्यांची बोलणी आम्हाला खावी लागली. आपल्या रानातून इतरांचे पाणी जात असेल तर कामाची तारीख त्यांना आधीच लेखी कळवायला लावावी.

मेअखेर चर बुजवून जमीन सपाट करून दिली आणि कंत्राटदाराचा माणूस ‘जमीन पूर्ववत मिळाली’ अशा आशयाचा कागद सहीसाठी घेऊन आला. आम्ही एक पावसाळा जाऊ द्या म्हणून सांगितले. जुलैच्या पावसात चराची रेघ वीतभर खचली आणि तिथे पाणी साचू लागले. कागदावर सही झालेली नसल्याने ऑक्टोबरात पुन्हा माती भरून मिळाली. शेजारच्या दोघांनी आधीच सही केली होती. त्यांना ती माती स्वतःच्या खर्चाने टाकावी लागली.

राहिली सातबाऱ्याची नोंद. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि या नोटिशीकडे कोणी फारसे पाहत नाही. आमच्या इतर हक्कात पाइपलाइनच्या वापराच्या हक्काची नोंद झाली खरी, पण ती 18 आरऐवजी संपूर्ण गटावर पडली होती. तशीच राहिली असती तर उद्या गटाच्या दुसऱ्या टोकाला विहीर काढताना किंवा कर्ज घेताना अडचण आली असती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाच्या (लिहिताना झालेल्या चुकीच्या) दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज केला, त्याला अधिसूचनेची प्रत आणि पंचनामा जोडला आणि 2024 च्या जानेवारीत दुरुस्त उतारा मिळाला.

आता पट्टीत पुन्हा ऊस आहे. बांधावर पिवळ्या रंगाचा खांब असून त्यावर संपर्क क्रमांक लिहिला आहे, आणि लाइनवर पायी गस्त घालणारा माणूस नियमित येतो. जेसीबीने चर काढायचा असो वा नवा सिंचनाचा पाइप पट्टी ओलांडून न्यायचा असो, आधी त्या क्रमांकावर कळवून लेखी परवानगी घ्यावी लागते. पट्टीत वाहिनीला इजा केल्यास कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. नवी विहीर आम्ही गटाच्या वरच्या टोकाला घेण्याचे ठरवले असून भूजलाची पाहणी करून घेतली आहे. मोबदल्याबाबत तात्यांनी जिल्हा न्यायालयात अर्ज केला आहे, तो अजून चालू आहे.